किती पाणी प्यायचं, हे शेजाऱ्याला विचारू नका

शुगर आणि बीपी असलेल्या माणसाला पाण्याबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला : "पाणी भरपूर पीत जा, किडनी धुऊन निघते." दुसरा, पायावर सूज दिसली की : "पाणी तोडा." देणारे आपलेच असतात, कळवळ्यानं बोलतात, आणि दोन्ही सल्ले कुणासाठी तरी बरोबरही असतात. घोटाळा असा होतो की ते नेमके उलट्या माणसांना लागू केले जातात. मार्चच्या उन्हात फडात कोयता चालवणारा, किडनी अजून धड असलेला गडी दिवसभर घोटभर पाण्यावर काढतो. आणि वीस वर्षांची शुगर अंगावर वागवणारे, पाय सुजलेले त्याचे वडील इकडे गावात तांब्यामागून तांब्या रिचवतात, कारण पाण्यानं किडनी साफ होते असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

बीडसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न जास्त अवघड आहे. इथं पाणीच बेताचं, उन्हाळा चाळीस अंशांच्या वरचा, आणि लाखो माणसं वर्षातले पाच-सहा महिने घर सोडून ऊसतोडीला जाणारी. त्यामुळे शहरातल्या दवाखान्यासाठी लिहिलेला सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही.

आधी किडनी काय करते ते पाहू. मुठीएवढ्या दोन किडन्या दिवसभरात साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर लघवी म्हणून सोडून बाकीचा सगळा रक्तात परत घेतात. गाळण्यापेक्षा हे परत घेण्याचं काम जास्त नाजूक आहे. किती पाणी ठेवायचं, किती मीठ, किती पोटॅशियम, हा हिशेब किडनी क्षणाक्षणाला करत असते. म्हणून निरोगी माणूस एक दिवस उपाशी राहिला काय किंवा लग्नात खारट आमटी ओरपली काय, दुसऱ्या दिवशी शरीराचा तोल जागेवर येतो.

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते आणि जाताना पाणी ओढून नेते. नव्यानं शुगर लागलेल्या माणसाला सारखी तहान लागते, रात्री तीनदा उठावं लागतं, त्याचं कारण हेच. या काळात शरीर कोरडं पडत असतं. पण साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की किडनीच्या गाळणीतला दाब वाढतो. सुरुवातीला तर ती गरजेपेक्षा जास्तच गाळते, आणि रिपोर्ट उलट छान दिसतो. पुढे गाळणीची भिंत जाड होते, मधून मधून झिरपायला लागते आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत गळू लागतं. वाढलेला बीपी याच बारीक रक्तवाहिन्यांवर बाहेरून मारा करतो, त्या कडक आणि अरुंद होतात. मग रक्त कमी पोचतंय असं समजून किडनी स्वतःच बीपी वाढवणारी रसायनं सोडते. म्हणजे बीपीनं किडनी बिघडते आणि बिघडलेली किडनी बीपी वाढवते. शेवटी मीठ बाहेर टाकण्याची ताकद संपते, मिठाबरोबर पाणी अंगात थांबतं. पाय सुजतात, सकाळी डोळ्यांखाली फुगवटा दिसतो, आडवं पडलं की दम लागतो. एकाच आजारात आधी कोरडा दुष्काळ आणि नंतर ओला, असा हा प्रकार आहे. पाण्याचा सल्ला एकच कसा असेल?

मधुमेह असलेल्या साधारण दर तिघांपैकी एकाच्या किडनीवर कधी ना कधी परिणाम होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत, आणि प्रौढांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिकांना उच्च रक्तदाब आहे. गणित तुम्हीच करा.

किडनी दुखत नाही. कंबर दुखली की लोक "किडनीवर आलं" म्हणतात, पण ती बहुतेक वेळा कंबरच असते, नाहीतर मुतखडा. शुगर-बीपीनं होणारा बिघाड मुकाट्यानं दहा-पंधरा वर्षं चालू राहतो. सूज दिसेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं, म्हणून तो तपासणीतच पकडावा लागतो.

दोन तपासण्या पक्क्या लक्षात ठेवा. एक लघवीची, तिला एसीआर म्हणतात. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. हे ३० च्या खाली असावं. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे आणि अजून बरंच हातात आहे. ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी आहे. साध्या लघवी तपासणीतल्या पट्टीवर "प्रोटीन नाही" असं आलं तरी एसीआर वाढलेलं असू शकतं, कारण पट्टीला थोडी गळती दिसत नाही. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचं अंगमेहनतीचं काम यांनीही आकडा फुगतो, तेव्हा एका रिपोर्टवर घाबरून जाऊ नये. दोन-तीन महिन्यांच्या अंतरानं पुन्हा करून घ्यावा.

दुसरी तपासणी रक्तातलं क्रिएटिनिन. इथं मोठी फसगत होते. "क्रिएटिनिन १.३ आहे, काही काळजी नाही," असं ऐकून माणसं घरी येतात. हाच १.३ आकडा साठ वर्षांच्या पुरुषात किडनीची गाळण्याची क्षमता सुमारे ६३ दाखवतो, आणि साठ वर्षांच्या बाईत सुमारे ४७. ही क्षमता म्हणजे ईजीएफआर. ती ६० च्या खाली तीन महिने किंवा जास्त राहिली तर किडनीचा जुनाट आजार आहे असं धरतात. म्हणजे त्याच कागदावर नवरा जेमतेम पार आणि बायको आजारी. बाईच्या अंगात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं. तिचा "थोडासा वाढलेला" आकडा थोडासा नसतो. तेव्हा प्रयोगशाळेत क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर छापून मागा. बहुतेक ठिकाणी आता देतात, फक्त मागावं लागतं.

या दोन्ही तपासण्या शुगर असलेल्यानं वर्षातून एकदा कराव्यात, बिघाड दिसला तर डॉक्टर सांगतील तितक्यांदा. सोबत डोळ्याच्या पडद्याची तपासणीही व्हावी, कारण पडद्यावरच्या आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या शुगरनं बहुधा जोडीनंच बिघडतात. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि बीडचं जिल्हा रुग्णालय ही आपली मोठी सरकारी ठिकाणं. पण शुगर-बीपी मोजण्यासाठी एवढं लांब जायची गरज नाही. शुगर-बीपीच्या तपासणीसाठी तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा आशाताई जो फॉर्म भरतात, तो कंटाळून टाळू नका.

आता एक गोष्ट, जिच्यानं घरात आनंद होतो आणि होऊ नये. अनेक वर्षं शुगर आटोक्यात नव्हती, आणि अचानक ती आपोआप उतरायला लागली. गोळी अर्धी केली तरी चालतं, कधी तर घाम फुटून चक्कर येते. घरचे म्हणतात, पथ्याला यश आलं. खरं तर इन्सुलिनची विल्हेवाट लावण्याचं बरंच काम किडनी करते. ती थकली की इन्सुलिन आणि शुगरच्या काही गोळ्या अंगात जास्त वेळ टिकतात आणि साखर खाली घसरते. वजन घटलेलं नाही, खाणं बदललेलं नाही आणि तरी शुगर उतरतेय, असं झालं तर पेढे वाटण्याआधी क्रिएटिनिन तपासा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि हंगाम संपेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असतात. शुगरच्या गोळ्या महिन्याच्या मिळतात आणि मुक्काम कोपीत म्हणजे झोपडीत, गावाबाहेर. पहिला महिना गोळी चालते, पुढे संपते, आणि आगाऊ घेतलेली उचल फिटल्याशिवाय दवाखान्यासाठी खाडा करायची सोय नसते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी सहा महिने बाहेर असणार आहे. शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या मागा, गोळ्यांची नावं लिहिलेला कागद आणि शेवटचा रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा, आणि मोबाईलमध्ये त्यांचा फोटो काढा. कारखान्याजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं, हे पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या.

फडातलं पाणी हा वेगळा विषय. हंगामाची सुरुवात थंडीत होते तेव्हा तहान लागत नाही, शेवट उन्हात होतो तेव्हा पाणी लांब असतं. बाया तर मुद्दाम कमी पितात, कारण आडोसा नसतो. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्यभर गदारोळ झाला, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समितीही नेमली गेली. त्या बायांच्या आरोग्याची चर्चा गर्भाशयापाशी थांबू नये असं मला वाटतं. दिवसभर लघवी रोखून धरणं आणि पाणी न पिणं हाही त्याच कामाच्या जागेचा प्रश्न आहे. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वामध्ये, शुगर नाही, बीपी नाही अशा तरुण ऊसतोड कामगारांच्या किडन्या निकामी होत असल्याचं या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांच्या लक्षात आलं. उन्हातली अतोनात मेहनत आणि अंगातलं पाणी आटणं यांचा त्यात मोठा वाटा मानला जातो. तिथं पाणी, सावली आणि ठरावीक वेळानं विश्रांती दिल्यावर किडनीला इजा होण्याचं प्रमाण कमी झालेलंही दिसलं. आपला हंगाम त्यांच्याइतका तापत नाही, पण आपल्याकडे फडात उतरणाऱ्या काहींना शुगर-बीपी आधीच आहे.

ज्यांच्या अंगावर सूज नाही आणि ज्यांना डॉक्टरांनी पाण्याचं बंधन घातलेलं नाही, त्यांनी उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं. तहान लागायची वाट पाहू नये. लघवी फिकट पिवळी राहिली म्हणजे पुरेसं झालं; चहासारखी गडद झाली म्हणजे अंग कोरडं पडलंय.

आणि अंगदुखीची गोळी. मोळ्या वाहून खांदे भरून येतात, मेडिकलवर दहा-वीस रुपयांत "अंगदुखीची पुडी" मिळते. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड ही त्यातली नेहमीची नावं. या गोळ्या किडनीत जाणाऱ्या रक्ताची वाट आवळतात. अंग कोरडं, वरून बीपीची गोळी, त्यात लघवी वाढवणारी गोळी आणि रोज ही पुडी, एवढं एकत्र आलं तर चांगली किडनीही काही दिवसांत बसू शकते. शुगर-बीपी असलेल्यानं दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल घ्यावी आणि तीही रोजची सवय करू नये. माझ्या मते बीड जिल्ह्यातल्या किडनीसाठी सगळ्यात स्वस्त उपाय कुठला असेल तर ही पुडी बंद करणं.

खाण्याकडे वळू. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा, भाजी, भाकरी, चटणी सगळं धरून. आपल्या ताटात मीठ फक्त भाजीत नसतं, कडेलाही भरपूर असतं : ठेचा, लोणचं, पापड, कुरडई, खारे शेंगदाणे, शेव-फरसाण. भाकरी-ठेच्यावर दिवस काढणाऱ्याला ठेचा सोडा म्हणणं क्रूरपणाचं आहे. त्यापेक्षा ठेच्यातलं मीठ निम्मं करून लसूण, लिंबू, जिरं वाढवा, आणि ताटात वेगळं मीठ वाढून घेणं थांबवा. तीन-चार आठवड्यांत जिभेला सवय लागते. मीठ कमी झालं की तहानही कमी लागते, याचा उपयोग पुढे पाण्याचं बंधन आल्यावर कळतो.

"कमी सोडियमचं" म्हणून विकलं जाणारं मीठ मात्र किडनी बिघडलेल्यानं विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि थकलेल्या किडनीला पोटॅशियम पुरेसं बाहेर टाकता येत नाही. रक्तात ते फार वाढलं तर काही कळायच्या आत हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळ्याचं पाणी, केळी, फळांचे रस, सुकामेवा यांतही ते भरपूर असतं. बालाघाटाच्या डोंगरातलं आपलं सीताफळ, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही साखर आणि पोटॅशियम दोन्ही घेऊन येतं. एसीआर आणि ईजीएफआर ठीक असणाऱ्यानं शुगर सांभाळून लहानसं एखादं खायला हरकत नाही. पोटॅशियम वाढलेल्यानं हंगामात टोपलीसमोर बसू नये. उपवासाचंही तसंच. नवरात्रात योगेश्वरी देवीचे नऊ दिवस बटाटा, शेंगदाणे आणि राजगिऱ्यावर काढणं, किंवा रमजानच्या रोज्यात दिवसभर पाणी न घेणं, यातलं काय झेपेल हे किडनी कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर ठरतं. गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागतात, म्हणून उपास धरण्याआधी डॉक्टरांशी बोला.

पुन्हा पाण्याकडे. किडनीचा आजार मधल्या टप्प्यात आहे, सूज नाही, अशा माणसानं जास्त पाणी प्यायल्यानं किडनी वाचते का? कॅनडातल्या एका चाचणीत अशा रुग्णांना वर्षभर जास्त पाणी प्यायला लावलं. २०१८ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. किडनीची घसरण त्यानं मंदावली नाही. तेव्हा या टप्प्यावर तहानेप्रमाणे प्यावं, उन्हात थोडं जास्त, आणि "धुऊन काढण्याचा" नाद सोडावा. सूज असलेल्यानं, हृदय कमजोर असलेल्यानं किंवा डायलिसिसवर असलेल्यानं मात्र मोजूनच प्यायचं. डायलिसिसवरच्या माणसाला बहुधा दिवसभरात होणाऱ्या लघवीएवढं अधिक साधारण अर्धा लिटर इतकंच सांगितलं जातं, आणि त्यात चहा, ताक, आंबील, पातळ वरण, आमटी सगळं धरायचं असतं. सकाळीच बाटली भरून ठेवा, तीच दिवसभर पुरवा. चहासाठी लहान पेला वापरा. घशाला कोरड पडली तर चूळ भरा.

सगळ्यात उपयोगी यंत्र म्हणजे वजनकाटा. एक लिटर पाणी अंगात साठलं की वजन एक किलोनं वाढतं. सकाळी उठून लघवी करून, काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते चरबीचं नाही, पाण्याचं आहे, दवाखाना गाठा. काटा नसेल तर नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. काढल्यावर खड्डा राहिला तर पाणी साठलेलं आहे. लघवीला टिकून राहणारा फेस येत असेल तर तेही सांगा.

गोळ्यांबद्दल भीती फार. "बीपीची गोळी एकदा लागली की आयुष्यभर," म्हणून लोक ती सुरूच करत नाहीत, आणि पुढे डायलिसिस आयुष्यभर लागतं. बीपी साधारण १३०/८० च्या खाली आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) सातच्या आसपास, हे बहुतेकांचं लक्ष्य; वयस्कर माणसांत डॉक्टर ते थोडं सैल ठेवतात. अल्ब्युमिन गळत असेल तर टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातली गोळी देतात. ती बीपीबरोबर गाळणीतला दाबही कमी करते. रामिप्रिल-एनालाप्रिलनं काहींना कोरडा खोकला लागतो. तेव्हा गोळी टाकून न देता बदलून घ्यावी. गरोदर बाईला हा गट चालत नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या लघवीतून साखर आणि मीठ काढतात आणि किडनीची घसरण मंदावतात, हे २०२० नंतर नीट सिद्ध झालं. आता त्या जेनेरिक स्वरूपात स्वस्तही मिळतात. लघवीत साखर जात असल्यानं लघवीची जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवली नाही तर बुरशी होते, आणि टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात ही अडचण खरी आहे, डॉक्टरांपासून लपवू नका. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, खाणं-पिणं थांबलं, तर बीपीची, लघवी वाढवणारी, शुगरची मेटफॉर्मिन आणि ही नवी गोळी, यांपैकी काही तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे बरे असतानाच विचारून कागदावर लिहून घ्या.

ईजीएफआर ३० च्या खाली गेला की किडनीतज्ज्ञांना दाखवलंच पाहिजे. एसीआर फार वाढलं तर त्याआधीही. डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चारेक तास चालतं. आष्टी-पाटोद्याच्या खेड्यातल्या माणसाला जायचं-यायचं धरून पूर्ण दिवस जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, आयुष्मान कार्डही काढून ठेवा, ते राज्याबाहेरही चालतं. हे कागद सूज चढल्यावर गोळा करायचे नसतात. आणि डायलिसिस लागणार असं डॉक्टरांनी सूचित केलं तर ज्या हातानं काम करत नाही त्या हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी यांची जोडणी) करावा लागतो, तो तयार व्हायला आठवडे-महिने जातात. बहुतेकांचा असा हात म्हणजे डावा. त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. सुई घेऊन आलेल्याला उजवा हात पुढे करा.